येऊ का गं बायांनो?

आमच्या भावोजींना सगळी वस्ती ‘काटा’ म्हणायची. तोंडावर काटेसाहेब, पाठ वळली की नुसताच काटा. बाकीच्यांच्या खिशात रुमाल असतो, चष्मा असतो. यांच्या खिशात खाली आकडा लोंबणारा छोटा वजनकाटा. कुणी भाजीची जुडी घेऊन चाललेला दिसला तरी यांचा हात आपोआप खिशाकडे जायचा. माझा मुलगा झाला तेव्हा त्याला बघायला आले, आणि दवाखान्यातल्या वजनावर आपला विश्वास नाही म्हणून त्याला दुपट्यासकट आकड्याला अडकवायला निघाले. ताईनं हात धरला म्हणून पोरगं वाचलं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, या काट्याची बायको. ‘आमच्या घरातलं फूल, आणि पडलं नेमकं काट्यात,’ असं मी तिला चिडवायचो. त्यावर भावोजी गंभीरपणे विचारायचे, ‘फुलाचं वजन किती होतं?’

वस्तीच्या टोकाला त्यांची कोंबड्यांची शेड होती. लांबलचक, पत्र्याची. जमिनीवर तुसाचा जाड थर, भिंतीला अंडी घालायची खोकी, मधून खाद्याच्या पन्हळी. अंडी सगळी बाजारातल्या एका बेकरीला जायची, आणि बेकरीवाला रोज सकाळी टेम्पो घेऊन दारात हजर व्हायचा.

या धंद्याबद्दल भावोजींचं तत्त्वज्ञान एका ओळीचं होतं. ‘देईल तिला खायला, न देईल तिला जायला.’ पन्हळ कधी काठोकाठ भरायची नाही, कारण कोंबडीला चोचीनं खाद्य उडवायची हौस. ‘तुसात दाणा पडत नाही मेहुणे, नफा पडतो.’ शिंपल्यांचा चुरा द्यायचा तो संध्याकाळच्या खाण्यात, कारण अंड्याचं कवच रात्रीतून बनतं. आणि सगळ्यात मोठी विद्या म्हणजे पाय. जी कोंबडी भरपूर अंडी देते तिचे पिवळे पाय हळूहळू पांढरे पडत जातात. अंगातला रंग ती बलकात ओतत असते. बसून खाणारीचे पाय मात्र शेवटपर्यंत हळदीसारखे. भावोजी दारातूनच पाय बघून सांगायचे, ‘ती कोपऱ्यातली बाई फुकटी.’ एखादीचा तुरा जरासा फिका दिसला, तर ‘हिला बरं नाही’ म्हणून लगेच बाजूला काढायचे.

‘तुमचे पाय दाखवा बघू,’ असं मलाही म्हणायचे. मी विनोदी लेख लिहून पोट भरतो. त्यांच्या हिशेबी हे पिवळ्या पायांचंच काम.

खाद्य मिसळायचे भावोजी आणि घालायची ताई. घमेलं कमरेवर घेऊन ती शेडच्या दाराशी यायची, बोटांनी पत्र्यावर टकटक करायची आणि विचारायची, ‘येऊ का गं बायांनो?’ मग थांबायची. आतून कुरकुर, गलका, दाराकडे धावणाऱ्या पायांची खसखस ऐकू आली की मगच कडी काढायची.

भावोजी कपाळाला हात लावायचे. ‘अगं, शेड आपली, कोंबड्या आपल्या, खाद्य आपलं. परवानगी कसली मागतेस?’

‘अहो, बायकांची खोली आहे ती. कोण कशात असेल, काय सांगावं.’

‘अंडी घालताहेत त्या. कपडे नाही बदलत.’

‘तुम्ही घातलंय का कधी अंडं? मधेच कुणी दार ढकलून आत आलं, तर कसं वाटेल?’

मग भावोजी खिशातला काटा काढून उगाचच त्याचा आकडा पुसायला लागायचे. ते स्वतः कुठल्याच दारावर टकटक करत नसत. न विचारता घरात शिरायचे, न विचारता ताईच्या ताटाशेजारी अंड्यांचे ट्रे रचायचे, ती बोलत असताना न विचारता झोपी जायचे. माणूस वाईट नव्हता हो. विचारायचं असतं, हेच कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

ताई फिकी पडत गेली. आधी नखं, मग ओठ. मी विचारलं तर म्हणाली, ‘माझे पाय पांढरे पडलेत रे. भरपूर देणाऱ्यांतली आहे मी.’ आम्ही सगळे खो खो हसलो. भावोजीही हसले. शेडभर तुरे न्याहाळणाऱ्या माणसाला शेजारी बसून जेवणारं माणूस दिसलं नाही.

मग एका दुपारी ती खाद्याच्या पोत्यांपाशी बसली, ती काही केल्या उठेना. मी नेमका तिथेच होतो. खाद्य घेऊन आलेल्या टेम्पोचं दार उघडून उभा राहिलो. भावोजींनी तिला उचललं, दोन पावलं टाकली आणि जागच्या जागी थांबले. जन्मभर पोती उचललेला माणूस. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातांना तिचं उरलेलं वजन कळलं होतं. काट्याशिवाय.

दवाखान्यातून ती परत आली नाही.

त्यानंतर मी बायको-मुलाला सांगून, बोचकं बांधून भावोजींकडे राहायला गेलो. ताईची मुलगी, माझी भाची, लांबच्या शहरात नोकरीला. रजा संपली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘मामा, बाबांना एकटं सोडू नकोस. आणि कोंबड्यांना घाबरत जाऊ नकोस, त्यांना कळतं.’ मी कोंबड्यांना घाबरतो ही आमच्या खानदानातली जुनी करमणूक आहे. लहानपणी एकीनं मला गल्लीच्या टोकापर्यंत पळवलं होतं, आणि वस्तीत अजून त्याची आठवण काढतात.

इकडे अंडी घटू लागली. भावोजी घमेलं घेऊन दार धाडकन उघडायचे, आणि आत हाहाकार उडायचा. सगळ्या कोंबड्या पंख फडफडवत एकाच कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढायच्या. खालच्या गुदमरायच्या. अंडी फुटायची. जी हाती लागायची त्यांची कवचं खडबडीत, कागदासारखी.

भावोजींनी मका बदलला. पेंड बदलली. शिंपल्यांचा चुरा वाढवला, पाण्याची टाकी घासली, दिव्यांच्या वेळा बदलल्या. दिवसभर वजन करत बसायचे, दाण्याचं, अंड्यांचं, कोंबड्यांचं. शेवटी काटाच बिघडला असेल म्हणून दुसरा काटा आणला आणि पहिला काटा दुसऱ्या काट्याला टांगला.

बेकरीवाला बिचारा दोन्ही बाजूंनी अडकलेला. ‘काटेसाहेब, वहिनींच्या हातचं खाऊन आम्ही मोठे झालो, तोंड उघडवत नाही. पण माझे केक बसायला लागलेत हो. गिऱ्हाईक विचारतं, ही भाकरी आहे का?’

‘खाद्यात काहीतरी चुकतंय,’ भावोजी म्हणाले. ‘सापडेल.’

सापडलं ते माझ्या भित्रेपणामुळे. भावोजींना ताप होता, म्हणून घमेलं माझ्या गळ्यात आलं. मी दाराशी पोचलो, पण कडीला हात लावायची छाती होईना. आत शेकडो चोची. म्हटलं, निदान आधी सांगावं तरी. मी पत्र्यावर टकटक केली आणि अगदी मनापासून, जीव मुठीत धरून विचारलं, ‘येऊ का गं बायांनो?’

आत एकदम शांत झालं. मग कुरकुर, गलका, पायांची खसखस. दार उघडलं, तर सगळ्या उंबऱ्याशी माना उंचावून उभ्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या मागे बघत होत्या, आणखी कुणी येतंय का ते.

मागे भावोजी उभे होते. अंगावर घोंगडी, चेहरा पत्र्यासारखा.

‘काय म्हणालात तुम्ही?’

‘भावोजी, ताई म्हणायची तेच.’

ते तिथेच, खाद्याच्या रिकाम्या पोत्यावर बसले. माझ्या घमेल्यातला मूठभर दाणा घेऊन पाहिला. मग म्हणाले, ‘म्हणजे खाद्य बरोबर होतं.’

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा सराव सुरू झाला. दारावर थाप मारायचे आणि ओरडायचे, ‘येतोय हं!’ आत पळापळ.

‘भावोजी, तुम्ही कळवताय. विचारायचं असतं.’

‘तेच तर केलं.’

‘नाही हो. विचारलं की थांबायचं. आतून होकार आला नाही तर जायचं नाही.’

‘कोंबडी नाही म्हणणार आहे का?’

‘म्हणूही शकते. तेवढी जागा ठेवायची.’

मला वाटलं, आता माझ्या पिवळ्या पायांचा विषय निघणार. पण ते पुन्हा दाराकडे वळले. किती तरी दिवस त्यांच्या तोंडून ते वाक्य पुरतं बाहेर येईना. ‘येऊ का’पर्यंत गाडी यायची आणि ‘गं’वर अडायची. बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोला ‘अगं’ म्हणून हाका मारणारा माणूस, पण त्या ‘गं’ला प्रश्नचिन्ह कधी लावलं नव्हतं. मग एका सकाळी मी अंगणात दात घासत असताना ऐकलं. घोगरं, पण पूर्ण. ‘येऊ का गं बायांनो?’ आणि भावोजी खरोखरच थांबले. मी चूळ भरायची विसरून उभा होतो.

अंडी परत वाढली. कवचं टणक झाली, केक फुगले. बेकरीवाल्यानं भला मोठा केक आणून दिला. भावोजींनी त्याचं वजनही केलं नाही.

पण कोंबडीची उमेद फार दिवसांची नसते. हंगाम सरला आणि अंडी पुन्हा कमी व्हायला लागली, यावेळी खऱ्याच कारणानं. कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. खाणं तेवढंच, देणं निम्मं. एकेकीच्या पांढऱ्या पायांवर पुन्हा पिवळा रंग चढू लागला. अशा वेळी सगळी पाखरं एकदम विकून टाकायची, शेड धुऊन, चुना मारून नवी पिल्लं आणायची, हा धंद्याचा नियम. भावोजींचाच नियम.

जुन्या कोंबड्या नेणारा व्यापारी आला, चहा पिऊन गेला. पुन्हा आला, पुन्हा चहा पिऊन गेला. तिसऱ्या खेपेला मला म्हणाला, ‘मामा, तुमच्या भावोजींनी काय चहाचं दुकान काढलंय का?’

भाची रजा काढून आली. ‘बाबा, खाद्य संपत चाललंय आणि अंडी तर दिसत नाहीत. असंच चाललं तर नवी पिल्लं आणायला काही उरणार नाही. शेडला कुलूप लागेल. देईल तिला खायला, हे तुम्हीच मला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं.’

‘शिकवलं होतं.’

‘मग?’

भावोजी ताटातला घास चिवडत राहिले. ‘टकटक केली की त्या माझ्या मागे बघतात,’ ते म्हणाले. ‘अजून बघतात. रोज. तुझी आई येतेय का ते. तू शहरात जातेस, मामा लिहीत बसतो. तिची रोज वाट बघणारं दुसरं कोण आहे इथे? नवी पिल्लं येतील, ती माझ्याकडेच बघतील.’

भाची उठली आणि तोंडावर पाणी मारायला मोरीत गेली. बराच वेळ नळ चालू होता.

शेवटी भावोजींनीच निरोप धाडला आणि व्यापाऱ्याचा ट्रक आला. उन्हं उतरत होती. त्याची माणसं पिंजरे घेऊन शेडकडे निघाली. भावोजी अंगणातच थांबले. ‘मी नाही विचारणार आज,’ ते म्हणाले. ‘आज त्यांना विचारायचं तोंड नाही मला.’

माणसांनी दार ढकललं. आणि तो जुना हाहाकार. किंचाळ्या, धूळ, कोपऱ्यात चढलेला ढीग. भावोजींनी क्षणभर कान झाकून घेतले. मग ताडताड गेले, माणसांना बाहेर काढलं, दार लावून घेतलं. आत शांत होईपर्यंत पत्र्याला कपाळ टेकून उभे राहिले.

मग टकटक केली.

‘येऊ का गं बायांनो?’

त्या आल्या. सगळ्या आल्या, नेहमीसारख्या माना उंचावत. आणि भावोजींनी एकेकीला दोन्ही हातांत घेऊन, पंख दाबून धरून, स्वतः पिंजऱ्यात ठेवलं. कुणी फडफडली नाही. शेवटचीला ठेवून झाल्यावर त्यांनी पिंजऱ्याची खिट्टी लावली आणि व्यापाऱ्याला म्हणाले, ‘सावकाश चालवा. सांगून वळा.’

व्यापाऱ्यानं वजनासाठी काटा मागितला. भावोजींनी खिसा चाचपला. काटा नव्हता. कधीपासून नव्हता, ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही शेड धुतली. तूस काढलं, खोकी उन्हात टाकली. चुन्याची बादली घेऊन मी आणि भावोजी दाराशी आलो. नवी पिल्लं यायची होती, भिंती त्याआधी वाळायला हव्या होत्या. मी कडीला हात घातला, तर भावोजींनी माझा हात बाजूला केला.

बोटांनी हलकेच टकटक केली.

‘येऊ का गं?’

‘बायांनो’ नव्हतं त्यात.

‘भावोजी,’ मी म्हणालो, ‘आत कुणी नाही.’

‘माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘थांबा जरा.’

आम्ही थांबलो. पत्रा उन्हानं तडतडत होता. आतून काही आलं नाही. भावोजींनी बादली दाराशेजारी खाली ठेवली आणि घराकडे परत वळले. त्या दिवशी आम्ही आत गेलो नाही.