एक इंच जास्त

मिरजेला गाडीत बसले तेव्हाच माझं मत बनलेलं होतं. पाहणीला निघालेल्या माणसाचं मत परतताना बनावं हे मलाही कळतं, पण इचलकरंजीच्या शाळेत उभी हयात गणित शिकवण्यात गेली. समोरच्या पोराच्या मानेवरून कॉपी ओळखायची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही.

काम असं होतं. म्हैसूरच्या अग्रहार भागात, विठ्ठलाच्या देवळामागच्या खोलीत, बहुतेक शिंपीकाम करणाऱ्या घरांतल्या मुलींसाठी गणिताचा वर्ग चालतो. पुण्याचा एक ट्रस्ट तिथे पुस्तकं पुरवतो आणि शिकवणाऱ्या बाईंचं मानधन देतो. या मुली पूर्वी गणितात हमखास नापास होत, आता सगळ्या पास. सगळ्या? एकही गळली नाही? म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. खरंखोटं पाहायला ट्रस्टने मला नेमलं आणि सोबत संशोधनाचे कागद पाठवले होते. त्यात दर ओळीला 'समान संधी' आणि 'समाजाची साथ'. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना असे शब्द बरे सुचतात! माझा अहवाल वाईट गेला तर वर्ग बंद होणार होता.

म्हैसूरला उतरले. रिक्षावाल्याने इतकी वळणं घेतली की एकाच गुलमोहराला मी दोनदा भेटले. "वन-वे, अम्मा," तो म्हणाला. मी गुलमोहराकडे बोट दाखवलं, तर तो गोड हसला.

देवळाच्या दारात शांताक्का उभ्या होत्या. वर्ग त्यांनीच सुरू केलेला. पन्नाशीच्या, ब्लाउज शिवणाऱ्या, पदराला टाचण्या टोचलेल्या. "बन्नी बन्नी (या, या). प्रवास सुखाचा झाला, अल्ला (नाही का)? आधी तिंडी (नाश्ता) करा, मत्ते (मग) काम."

पावट्याचे दाणे घातलेलं गरम उप्पिट्टू (उपमा) आलं, त्यावर खोबरं, बाजूला कॉफी. चव अशी की दुसऱ्यांदा मागून घेतलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "उद्या टी. नरसीपूरला नेते तुम्हाला. कावेरी-कपिलेचा संगम बघा." माझा घास तोंडातच थांबला. आधी खाऊ घालायचं, मग फिरवायचं, मग अहवाल लिहून घ्यायचा! "अहवाल झाल्यावर बघू," मी म्हटलं.

चार वाजता मुली आल्या. अकरा जणी, आठवी ते दहावीतल्या. मागच्या भिंतीला टेकून दोन म्हातारे शिंपी बसले होते, गळ्यात टेप.

"हे कशाला?"

"पाळी आहे त्यांची. रोज दोघं येतात. माप कसं घ्यायचं दाखवतात, पोरींना घरी सोडतात."

माप दाखवतात की उत्तर? दोघांनाही मी बाहेर बसवलं. शिकवणाऱ्या बाईंना तर मी आधीच कळवलं होतं की त्या दिवशी येऊ नका. मुलींना लांब लांब बसवलं आणि बसच्या तिकिटाएवढ्या चिठ्ठ्या दिल्या. रीत मांडायची नाही, फक्त उत्तर. लिहायला जागा कमी, तर दाखवायलाही कमी.

प्रश्न मी मुद्दाम त्यांच्या ओळखीचा काढला. गोल मेजपोश आहे, त्रिज्या चौदा इंच. कडेने लेस लावायची, तर किती इंच कापाल? मुली घरी मराठी बोलतात, पण शाळेत कानडीतून शिकतात, म्हणून शांताक्कांनी तो कानडीत सांगितला.

उत्तर अठ्ठ्याऐंशी. चिठ्ठ्या उघडल्या. एकोणनव्वद. एकोणनव्वद. पुन्हा एकोणनव्वद. नऊ जणींचं तेच चुकीचं उत्तर! फक्त दोघींचं अठ्ठ्याऐंशी. बरोबर उत्तर अकरा जणींचं एक येऊ शकतं, पण चूक प्रत्येकाची आपापली असते. माझे कान तापले. कानडीत सांगताना या बाईने उत्तरच सांगितलं, आणि तेही धड नाही!

"शांताक्का, हा वर्ग मी चालू ठेवा म्हणून लिहू शकत नाही."

त्यांच्या पदरावरचा हात थांबला. "का हो बाई?"

मी चिठ्ठ्या पुढे टाकल्या. "एकीने लिहायचं, बाकीच्यांनी उतरवायचं. हेच शिकवता?"

पहिल्या रांगेतली भाग्या उभी राहिली. दहावीतली, बोटाला सुई लागल्याचे काळे ठिपके. "बाई, तुम्ही कापायची किती विचारलं. अठ्ठ्याऐंशी कापली तर जोडणार कशी? दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच मडचायला (दुमडायला) लागतात. अष्टे (एवढंच)."

"आणि या दोघी?"

"त्यांच्या घरी मशीन नाही. एकीची भाजीची गाडी आहे, एकीचे अप्पा लायनमन."

मला पटलं? छे! तयार उत्तरंही पाठ करून घेता येतात. खडू घेऊन मी स्वतः फळ्यावर गोल मैदान काढलं, त्रिज्या चौदा मीटर, आणि कडेने पळणारी मुलगी. एक फेरी, किती मीटर? शांताक्कांना तोंड उघडू दिलं नाही. चिठ्ठ्या आल्या, अकराच्या अकरा अठ्ठ्याऐंशी.

"आता एक का नाही मिळवला?" मी भाग्याला विचारलं.

"पळायला शिवण कशाला, बाई?"

सगळ्या खुदकन हसल्या. बाहेरून एक म्हातारा शिंपीही हसला. मला हसू आलं नाही. लाज वाटली, सरळ सांगते. रीत लिहायला दोन बोटं जागा दिली असती तर प्रत्येकीने अठ्ठ्याऐंशी अधिक एक लिहून दाखवलं असतं. ती जागा मीच काढून घेतली होती.

मी शांताक्कांची माफी मागितली. "सरी बिडी (जाऊ द्या)," म्हणत त्यांनी खाली पडलेल्या चिठ्ठ्या उचलल्या. "शाळेतही हेच झालं होतं हो. सगळ्यांचं एकच चूक, म्हणून शून्य. म्हणून तर वर्ग काढला. कुठं एक मिळवायचा, कुठं नाही, हे कुणीतरी सांगायला नको का?"

अहवाल तिथेच बसून लिहिला. वर्ग चालू ठेवा, आणि परीक्षेच्या कागदावर रीतीला जागा ठेवा.

दुसऱ्या दिवशी टी. नरसीपूरला गेलो. दोन नद्या संथपणे एकमेकींत शिरत होत्या. पायरीवर बसून शांताक्कांनी डब्यातला दहीभात वाढला, आणि त्यामागे काय हेतू असेल असं माझ्या मनातही आलं नाही. म्हैसूरला परतून संध्याकाळी देवळापासून स्टेशनला चालत गेले आणि पंचवीस मिनिटांत पोहोचले. तेव्हा रिक्षावाल्यावरचा संशय तेवढा खरा होता.

गाडी सुटली आणि इचलकरंजीच्या माझ्या वर्गातल्या दोन मुली आठवल्या. दोघी यंत्रमाग चालवणाऱ्या घरांतल्या, एकाच बाकावर बसणाऱ्या. दोघींचं एकच चुकीचं उत्तर, थोडंसं जास्त. मी दोघींना शून्य दिलं आणि आयांना शाळेत बोलावून घेतलं. त्यानंतर एक शाळेत आलीच नाही. तो प्रश्न सुताचा होता का? कापडाचा? कितीही ताण दिला तरी आठवेना. तेव्हाही मी फक्त उत्तर तपासलं होतं.

हुबळी गेली, धारवाड गेलं. मिरज येईपर्यंत त्यातल्या एकीचं नाव आठवलं. जी शाळेत परत आली नाही, तिचं नाही.