सगळ्यांना पोच देणारे मामा

त्या आठवड्यात मी माझ्या मामांवर जेवढी चिडले, तेवढी जन्मात कुणावर चिडले नव्हते. आणि आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर उपकारांशिवाय दुसरं काही आठवत नाही. काय म्हणावं याला!

मामा एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आवक-जावक टेबलावर होते. आलेलं पत्र वहीत चढवायचं, नंबर टाकायचा, पोच पाठवायची. पोच न देणं म्हणजे त्यांच्या लेखी आलेल्या माणसाच्या तोंडावर दार आपटणं. निवृत्त झाले, मामी गेल्या आणि ते माझ्याकडे राहायला आले. माझं पुढे शिवणाचं दुकान, मागे दोन खोल्या. मला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. तिशीत एका तापात गेलं ते गेलंच. समोरच्याचे ओठ बघून मी निभावून न्यायचे, पण फोन माझ्या काय कामाचा? म्हणून सगळा कारभार ईमेलवर, आणि ईमेल मामांकडे.

त्या वर्षी रुग्णालयाच्या यादीत माझं नाव वर सरकलं होतं. कानात यंत्र बसवायची शस्त्रक्रिया. नियम असा, की तारखेचा ईमेल आला की चार दिवसांत होकार कळवायचा. नाही कळवला तर तारीख पुढच्या माणसाला, आणि आपण पुन्हा यादीच्या शेपटाला. साडेतीन वर्षं मी त्या यादीत काढली होती.

मामा रोज सकाळी चष्मा पुसून संगणकापुढे बसायचे आणि येईल त्याला उत्तर द्यायचे. येईल त्याला म्हणजे अक्षरशः येईल त्याला! केसगळतीच्या तेलाची जाहिरात आली, तर यांचं उत्तर: ‘महोदय, आपले पत्र मिळाले. माझ्या डोक्यावर केस नसल्याने ते गळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आपल्या व्यवसायास शुभेच्छा. कळावे.’ खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर. मी हसता हसता सुई बोटात टोचून घेतली. परदेशातल्या कुणा विधवेला तिची इस्टेट सांभाळायला भला माणूस हवा होता. तिला मामांनी दीड पानी सांत्वन लिहिलं.

“अहो मामा, खोटी असतात ही पत्रं.”

“असू देत गं. आपण नको म्हणून कळवलं की थांबतात बिचारे.”

थांबतात कसले! दिवसाला वीस यायची ती दोनशे झाली, मग दोनशेची हजार. शेवटी मी गल्लीतल्या संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईला बोलावलं. ती मला कळावं म्हणून माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलली.

“आजोबा, ही पत्रं माणूस नाही, यंत्र पाठवतं, लाखो पत्त्यांवर. त्यातले निम्मे बंद पडलेले. तुम्ही उत्तर दिलंत की त्यांना कळतं, इथे जिवंत माणूस आहे, आलेलं वाचतो. मग तो पत्ता ते आणखी दहा जणांना विकतात. ‘नको’ म्हणा नाहीतर ‘हवं’ म्हणा, त्यांना सारखंच. आणि तुम्ही तर नाव-गाव-फोनसकट दिलंत!”

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. माझ्या मनात एकच, रुग्णालयाचं पत्र. त्याची वेळ झाली होती. बाईने शोधून बघितलं. ‘रुग्णालय’ टाकलं तर औषधवाल्यांची शेकडो पत्रं वर आली. माझं डोकं फिरलं. “पुसून टाका सगळं! तुमच्या त्या मेल्या पोचेपायी माझे कान गेले!” असं मी बोलले. त्या माणसाला बोलले. अजून आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

मामांनी एक कोरी वही घेतली, समास आखला आणि पहिल्या पत्रापासून सुरुवात केली. न उघडलेली दोन हजार नऊशे पत्रं होती. बाई म्हणाली, असं कुणी करत नाही हो. मामा म्हणाले, “आवक आहे. बघितल्याशिवाय टाकायची नाही.”

दोन दिवस ते खुर्चीवरून हलले नाहीत. जेवले तेही तिथेच. डोळे लालभडक. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्यांनी येऊन माझ्या हातातलं कापड बाजूला केलं आणि मला ओढतच संगणकापाशी नेलं. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसते आकडे, पण आत माझं नाव आणि शस्त्रक्रियेची तारीख. मुदत त्याच दिवशी, पाच वाजेपर्यंत.

मामांनी माझ्याकडे बघून विचारलं, “याला तरी उत्तर देऊ ना गं?”

शस्त्रक्रिया झाली, नीट झाली. बाईने नवा पत्ता काढून दिला, तिचेही उपकार आहेतच. आता तसलं काही आलं की मामा त्याला हात लावत नाहीत. बोटं शिवशिवतात, मग उठून खोलीत फेऱ्या मारतात.

यंत्र सुरू झाल्यावर सुरुवातीला सगळे आवाज डब्यात खडे हलवल्यासारखे यायचे. हळूहळू त्यातून शब्द सुटे झाले. मी शिवायला भिंतीकडे तोंड करून बसते, मामा माझ्या मागे. एका दुपारी दोरा संपला म्हणून मशीन थांबलं, तर मागून आवाज आला. “उजेड कमी पडतोय का गं तुला? थांब, खिडकी उघडतो. दमलेली दिसतेस आज.”

मी गर्रकन वळले. मामा दचकले.

“माझ्याशी बोलत होतात?”

“हो.”

“आणि आधी? मला ऐकू येत नव्हतं तेव्हा?”

“बोलायचो की,” मामा ओशाळून म्हणाले. “रोजच. इथे आलो त्याला अकरा वर्षं झाली.”

मी काम तसंच टाकलं आणि त्यांच्या गळ्यात पडून भरपूर रडले. मग त्यांना माझ्यासमोर बसवलं आणि म्हटलं, “मामा, आता पहिल्यापासून सांगा, काय काय म्हणालात ते.”