तेवीस तुकड्यांचा साचा

"चेहरा नको, काका. फक्त हात," दिग्दर्शक म्हणाले.

एका मुलीने माझ्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, घड्याळ काढून घेतलं. मला नटाच्या पाठीआड उकिडवं बसवलं. त्याच्या काखेखालून माझे हात पुढे. समोर प्लास्टरची बादली. वय माझं बावन्न. कचेरीत आकडेमोड करतो, दोन मुलींचा बाप आहे. आणि बसलोय एका परक्या माणसाच्या पाठीला नाक लावून.

सिनेमा एका बंडखोर शिल्पकारावर होता, आमच्या सरांवर. सरांनी राजेमहाराजे घडवायला नकार दिला. झाडूवाली घडवली, हमाल घडवला. त्यांची कार्यशाळा कात्रजला, आमच्या घरामागे. माझे बाबा त्यांचे साचेकार. सर मातीत घडवत, बाबा त्यावर साचा घेत आणि प्लास्टर ओतत. मातीतलं काम सरांचं, हे मी नाकारत नाही. पण झाडूवालीचा साचा तेवीस तुकड्यांचा होता आणि प्रत्येक तुकड्यामागे बाबांनी पेन्सिलीने आकडा घातला होता. मी आकडे त्यावर शिकलो. शाळा नंतर.

नटाने त्याआधी दोनदा पावडरीवर पाणी ओतलं. दोनदा गोळे झाले. पावडर पाण्यात भुरभुरवायची असते, तिची कोरडी बेटं पाण्यावर दिसेपर्यंत. ते मला येतं, म्हणून बोलावणं.

मी पावडर भुरभुरवली, हात बादलीत घातले, ढवळायला लागलो. ढवळता ढवळता विचारलं, "यात माझे वडील कुठे आहेत?"

"आहेत ना! दारातून चहा घेऊन येतात. गोड शॉट आहे."

"चहा सर करायचे. बाबांचे हात प्लास्टरने भरलेले असायचे."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो काका, चरित्रपट आहे हा, हजेरीपट नाही." सगळे हसले. नटाची पाठ माझ्या नाकाशी हलली. तोही हसत होता.

झाडूवालीच्या चौथऱ्यावर नाव एकच आहे. सरांचं. बाबा म्हणायचे, "आपलं काम आतल्या बाजूला असतं, बाळा." हे वाक्य मी आयुष्यभर अभिमानाने सांगितलं. मुलींनाही सांगितलं. त्या बादलीत हात असताना ते मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

मी हात बाहेर काढले. उभा राहिलो.

"काका, ढवळा! प्रकाश जातोय."

"दहा मिनिटांत घट्ट होईल," मी म्हणालो आणि घड्याळ परत मागितलं.

ते समजावत राहिले, मग चिडले. मी बादलीकडे बघत होतो. आधी चकाकी गेली, मग बादली कोमट झाली. नऊ मिनिटं. बोट लावून पाहिलं. दगड.

"शेवटी आभारात नाव टाकतो," दिग्दर्शक म्हणाले.

"आभार नकोत. साचा घेताना बाबा दाखवा. मग हात देतो, चेहऱ्यासकट. नाहीतर पावडरीवर पाणी ओतत बसा."

हात न धुता बसने घरी आलो. माळ्यावरून झाडूवालीचा साचा काढला. एकवीस तुकडे धड निघाले, दोन फुटलेत. ते दोन मी नव्याने करणार आहे. आणि यावेळी बाबांचं नाव बाहेरच्या बाजूला घालणार आहे.