पंच्याण्णव टक्के आणि वहिनींची पेटी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी एकदा जुगाराचा अड्डा चालवला आहे. भर दुपारी, चटईवर, भाजलेले शेंगदाणे लावून.

कारण माझा मेहुणा. नोएडात चांगल्या हुद्द्यावर आहे, डोकंही तल्लख. पण मोबाइलवरचा एक चक्राचा खेळ पंच्याण्णव टक्के परतावा देतो, असं त्याने वाचलं आणि गडी हरखला.

"दाजी, पंच्याण्णव टक्के! आमच्या घराण्यात आजवर कुणाला पडले नाहीत."

आपल्या लोकांचं हे असंच. टक्के दिसले की गुणपत्रिका आठवते, आणि नव्वदीपुढे गेलं की पेढे. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, हार्मोनियमसाठी साठवलेले पैसे तो त्या खेळात लावणार होता. दुप्पट झाले की पेटी, वर पुण्याचं विमान. वहिनी शेजारीच संत्रं सोलत होत्या, नवऱ्यावर अर्धामुर्धा विश्वास ठेवून.

मी लुडोचा फासा काढला.

"एक दाणा लाव. सहा पडला तर तुझा दाणा धरून पाच देतो, नाही पडला तर तुझा दाणा मी खातो. खरं तर सहा द्यायला हवेत, पण अड्डा माझा आहे. तुझा खेळ माझ्याइतका कंजूष नाही, शंभरातले पाचच ठेवतो. पण दर फेरीला ठेवतो, आणि उरलेल्यातूनही."

पहिल्या दोन्ही फेकींना सहा! मेहुणा चटईवरच नाचला. माझं व्याख्यान तिथंच आडवं झालं.

मग काय, खेळत राहिलो. दिल्लीच्या थंडीतलं ते ऊन असं, की अंगातली हाडं सैल होतात आणि घड्याळ परक्याचं वाटतं. दूरवर मेट्रो आवाज न करता सरकत होती. कबुतरं पाण्याच्या टाकीवर पेंगत होती. फासा गडगडायचा, मधूनच सहा यायचा, मेहुणा "बिल्कुल!" ओरडायचा, आणि मी डोळे मिटून चावत राहायचो.

"आता सहा येणारच दाजी. केव्हाचा आला नाही."

"फाशाला आठवण नसते, यार. दर फेकीला तो नव्याने जन्माला येतो."

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा मेहुण्यापुढे चारदोन दाणे होते. झोपेतून उठल्यासारखा तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"पण मी तर सारखा जिंकत होतो!"

वहिनींच्या हातातली संत्र्याची फोड तशीच राहिली. त्यांनी नवऱ्याचा मोबाइल उचलून शालीखाली घेतला, आणि शेजारच्या गच्चीवरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने म्हणाल्या,

"अरे, म्हणजे दर फेरीला हा खेळ माझ्या पेटीच्या चाळीसेक पट्ट्यांतल्या दोन-दोन खाणार?"