तो वळला होता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या मुलीलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही.

बायको गेल्यावर मी पुण्यातला फ्लॅट बंद केला आणि इथे परदेशात, पापाकुराला, मुलीकडे, वैदेहीकडे राहायला आलो. माझा जावई निखिल इंजिनियर, पण नोकरीचा कंटाळा येऊन त्याने जवळच्याच मनुरेवाला एक डेअरी घेतली होती. इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. दुधापासून सिगारेटपर्यंत सगळं मिळतं. पुढे निखिलचे वडील, अण्णा, नाशिकहून आले. तेही एकटेच. आम्हा दोघा व्याह्यांना एकच खोली मिळाली.

अण्णा वाईट माणूस होते का? छे. तेच तर कठीण होतं. त्यांच्या हातची आमटी वैदेही दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. माझी स्वतःची मुलगी. बागेत फिरायला गेलो की अनोळखी माणसं त्यांना हात करून ‘किया ओरा’, म्हणजे इथला नमस्कार, म्हणत, आणि अण्णाही खणखणीत आवाजात परत म्हणत. मी कॉलेजात शिकवत असे, तरी ते मला ‘मास्तर’ म्हणायचे, तेही प्रेमाने. आणि नातू, नील — मी मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर द्यायचा. अण्णांशी मात्र मोडकंतोडकं मराठी बोलायचा. त्या मोडक्या मराठीवर मी किती जळलो, ते आज लिहितानाही लाज वाटते. पण लाज वाटते म्हणून जळणं थांबतं का?

हिवाळ्यातली दुपार होती. निखिल मागच्या खोलीत दुधाचे क्रेट लावत होता. अण्णा काउंटरजवळ स्टुलावर, मी पलीकडे पेपर वाचत. हूड ओढलेला एक माणूस आत आला. हातात हातोडा. त्याने काही न बोलता सिगारेटच्या कपाटावर घाव घातला.

अण्णा उठले. शटर ओढायची लोखंडी दांडी भिंतीला टेकवलेली असे, ती त्यांनी घेतली. आणि मी? मी आइस्क्रीमच्या फ्रीझरमागे खाली बसलो. बसलो कसला — लपलो. फ्रीझर आणि चिप्सच्या रॅकमधल्या फटीतून मला सगळं स्पष्ट दिसत होतं. त्या माणसाने पाकिटं पिशवीत कोंबली, आणि मग हातोडा उगारून तो अण्णांकडे आला. अण्णांकडे. तोंड त्यांच्याकडे होतं. अण्णांनी एकदाच मारलं. दांडी खांद्यावर बसली, तो कोसळला आणि त्याचं डोकं फ्रीझरच्या कडेवर आपटलं. वाचला तो, पण बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होता.

संध्याकाळी घरात अण्णाच अण्णा. शेजारचे लोक केक घेऊन आले. नीलने पेपरची सुरळी करून सगळा प्रसंग करून दाखवला, कधी अण्णा होऊन, कधी चोर होऊन. मग माझ्याकडे वळून त्याने सहज विचारलं, “अँड वेअर वर यू, आजोबा?”

वैदेही घाईने म्हणाली, “अरे, बाबा मागे होते ना.” तिला कळलं होतं. मला सावरून घेताना तिचा चेहरा मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. एक मध्यमवयीन बाई, फार शांत. दुकानातल्या कॅमेऱ्यात मोक्याचा भाग रॅकच्या आड गेला होता, म्हणून मी काय पाहिलं याला महत्त्व होतं. त्यांनी विचारलं, मारलं त्या क्षणी तो माणूस अण्णांच्या अंगावर येत होता, की जायला वळला होता?

मला विचार करायला वेळ नव्हता, असं म्हणता येईल. होता. त्यांनी मला पाणीसुद्धा आणून दिलं.

मी म्हणालो, “तो वळला होता. दाराकडे.”

अण्णांवर आरोप ठेवला गेला. पासपोर्ट जमा झाला. त्यांना लहानाचं मोठं करणारी बहीण त्याच काळात नाशिकला वारली. तिचे अंत्यविधी त्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिले, आमच्या खोलीत, पलंगाच्या कडेवर बसून. मी शेजारीच होतो. पाठीवर हातसुद्धा ठेवला.

तेव्हा इथे कायद्यावरून वातावरण तापलं होतं. दुकानदाराने स्वतःला वाचवायचं तरी कसं, कायदा बदला, असं एकीकडे. उद्या कुणीही कुणालाही झोडपेल आणि स्वसंरक्षण म्हणेल, असं दुसरीकडे. पापाकुराच्या एका हॉलमध्ये सभा झाली. अण्णांना पुढच्या रांगेत बसवलं. एक वकीलबाई उठून म्हणाल्या, की अंगावर येणाऱ्याला अडवण्यापुरतं बळ वापरायची मुभा आजही आहे. या गृहस्थांचं प्रकरण कायद्यामुळे नाही, एका साक्षीमुळे अडलंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं मी कोण ते.

मग घरचा माणूस म्हणून मला माइक दिला. आणि मी बोललो — कायदा बदलाच म्हणून, म्हाताऱ्या माणसांची बाजू घेऊन, चांगलं तासभर रंगावं असं. आयुष्यभर वर्गात बोललेला माणूस मी. लोक उभे राहिले. नील टाळ्या वाजवत माझ्याकडे बघत होता. मला सुख झालं. हे लिहिताना हात अडतोय — पण झालं.

परतताना गाडीत अण्णा म्हणाले, “मास्तर, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही पाहिलंत तेच सांगितलंत. मला वाटलं होतं तो माझ्याकडे येतोय. पण वळला असेल हो. घाबरलेल्या माणसाला काय कळतं?”

घाबरलेला माणूस मी होतो. तेव्हा, त्या गाडीत, एक वाक्य पुरलं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पुढे पुरावा पुरेसा नाही म्हणून सरकारने खटला सोडून दिला. पासपोर्ट मिळताच अण्णा नाशिकला गेले, ते परत आले नाहीत. निखिलने दुकान विकलं. आता तो कामासाठी हॅमिल्टनला जाऊन येऊन करतो. वडिलांबद्दल तो फार बोलत नाही. खोली माझ्या एकट्याची आहे. नील शाळेतून आला की आधी माझ्याकडे येतो. मला हवं होतं ते सगळं मिळालं.

रविवारी अण्णांचा व्हिडिओ कॉल येतो. गेल्या रविवारी नीलला ते सांगत होते, की पाठमोऱ्या माणसावर आपला हात उठला, ते काही मनातून जात नाही. फोन ठेवल्यावर नील माझ्याजवळ येऊन बसला. आता तो मोठा झालाय, आवाज फुटलाय. त्याने विचारलं, आणि या वेळी मराठीत विचारलं, “आजोबा, तो माणूस खरंच पळत होता?”

मी हो म्हणालो.