चुन्यात भिजलेली पऱ्हाटी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी प्रकल्पासाठी पऱ्हाटी निवडली. कापूस वेचून झाला की शेतात उरणारं हे कपाशीचं वाळकं झाड आमच्या नेरकडे चुलीत जातं, नाहीतर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवलं जातं. त्याच्या लाकडात साखर बांधलेली असते. एन्झाइम घालून ती मोकळी करायची, मग पुढे तिचं इंधन करता येतं.

मी पऱ्हाटीची पूड केली, एन्झाइम घातलं, दोन दिवस कोमट ठेवलं. चाचणीत साखर असेल तर पिवळं द्रावण तापवल्यावर तांबूस होतं. माझं पिवळंच राहिलं. तीनदा केलं, तीनदा पिवळं. त्या शनिवारी तोंड पाडून यवतमाळहून गावी गेले.

बाबा ओट्यावर अंबाडीच्या वाखाचा, म्हणजे सालीतल्या धाग्यांचा, दोर वळत होते. त्यांना सगळं सांगितलं.

"तू ते लाकूड भिजू घातलं होतं काय वं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग? अंबाडी नाल्यात कुजू घातल्याबिगर वाख सुटते काय? वाळल्या लाकडात तुह्यं औषध घुसनच कसं?"

मला हसू आलं. पण सोमवारी प्रकल्पाच्या सरांनीही वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. लाकडात साखरेभोवती लिग्निनचा घट्ट लेप असतो. आधी तो सैल करावा लागतो, त्यालाच पूर्वप्रक्रिया म्हणतात. त्यासाठी चुना चालेल, पण त्याला काही आठवडे लागतील. प्रयोगशाळेत एवढी जागा नव्हती. मी बाबांना फोन केला.

"इथंच ठेवू ना. आपला जुना रांजण रिकामाच हाय," ते म्हणाले.

अख्खा एप्रिल तो रांजण आमच्या अंगणात होता. चुन्याचं पाणी, त्यात बारीक केलेली पऱ्हाटी. बाबा रोज काठीनं ढवळायचे आणि संध्याकाळी फोन करायचे. "पानी लाल होऊन राह्यलं." "आज वास येगळा येते." मी ते वहीत तारखेसह लिहून घ्यायचे. आमचं एरवी फोनवर जेवलीस का, पैसे आहेत का, एवढंच बोलणं व्हायचं. त्या महिन्यात बाबा पाच-पाच मिनिटं बोलत.

महिन्यानं ते धुतलेली पऱ्हाटी पिशवीत घेऊन एसटीनं कॉलेजात आले. सरांना "जयभीम सर" म्हणाले आणि दाराशीच उभे राहिले. सरांनी त्यांना स्वतः खुर्ची दिली. पिशवी घेताना मी त्यांची बोटं पाहिली. चुन्यानं साल निघाली होती, पेरं फाटली होती.

"हातमोजे दिले होते ना, बाबा?"

"त्याच्यात काही समजत नाही वं. नरम झाली का नाही, थे बोटालेच कळते."

मी लगेच कच्च्या आणि धुतलेल्या, दोन्ही पऱ्हाटीत एन्झाइम घातलं. दोन दिवस बाबा मावशीकडे थांबले. तिसऱ्या दिवशी परीक्षानळ्या उकळत्या पाण्यातून काढल्या. कच्च्या पऱ्हाटीची पिवळी होती, आणि बाबांनी धुतलेली गर्द तांबडी. बाबांनी ती नळी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली.

"चाखता येते काय?"

"नाही बाबा, त्यात रसायन आहे."

"राहू दे मंग," ते हळूच म्हणाले.

आमच्या भागात पऱ्हाटीचा कारखाना काही आला नाही. बाबाही आता नाहीत. मी कॉलेजात शिकवते, तेव्हा पूर्वप्रक्रियेच्या तासाला मुलांना अंबाडीपासूनच सुरुवात करून देते.

नळी तांबडी झाली त्या दुपारी आम्ही बसस्टँडवर चहा घेतला. शेजारी दारव्ह्याकडचा एक अनोळखी शेतकरी बसला होता. बाबांनी त्याला न विचारताच सांगितलं, "माह्या पोरीनं पऱ्हाटीतून साखर काढली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या कपाकडे. "मंग चहात टाकली काय?"

बाबा इतके हसले की चहा सदऱ्यावर सांडला. नेरची गाडी लागली तरी ते उठेनात; त्या माणसाला रांजणापासून सगळं सांगायचं होतं. शेवटी ती गाडी गेली. आम्ही पुढच्या गाडीची वाट पाहत बसलो.