शनिवारचं लोखंड

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत सिमेंटच्या ओट्यातून चार बोल्ट वर आले आहेत. येता-जाता पाय ठेचतो. बायको म्हणते, कापून टाका. मी हो म्हणतो आणि कापत नाही.

ती खोली दादासाठी बांधली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, लातूरला एका वर्कशॉपात टर्नर. सगळी उमर लोखंड कातायच्या एकाच लेथवर उभं राहून काढली त्यानं. वहिनी आधीच गेलेल्या. मागच्या साली मालकानं काम बंद केलं आणि दादा नांदेडला माझ्याकडं आला. सकाळी चहा घेतला की पायरीवर बसायचा, हाक मारल्याशिवाय उठायचा नाही. जेवण तुटलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांच्या हाताला काम द्या, नाहीतर माणूस हातचा जाईल.

म्हणून घरीच वर्कशॉप काढायचं ठरवलं. दादाला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तर तिथं वेगळाच माणूस बघायला मिळाला. कानशी उजेडात धरून दात बघतोय, लेथला लावायचं पातं, टूलबिट, हातात फिरवून परत देतोय. "हे न्हाई चालायचं. दुसरं काढा." दुकानदार घामाघूम, आणि मी आपला पिशवी धरून उभा. माप घ्यायचा व्हर्नियर घेताना त्यानं जबडे मिटवून दाराकडं धरले. फटीतून उजेड दिसला की परत. चौथा पसंत पडला. त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या त्यानं.

राहिला लेथ. नवा बघू म्हणालो, तर ऐकेना. "माझा हाय की लातूरला. त्याची खोड मला ठावं, माझी त्याला. दुसऱ्यावर आता हात बसायचा न्हाई." मालकाला फोन लावला. न्या म्हणाले, पण लवकर, शेड रिकामं करून द्यायचंय. दादानं त्या लेथच्या मापानं ओटा घातला, बोल्ट रोवले, स्वतः पाणी मारलं.

शनिवारी सकाळची शाळा उरकून मी त्याला घेऊन लातूर गाठलं. शेडमध्ये लेथ धूळ खात होता. दादानं खिशातला रुमाल काढून तो पुसला. मालक म्हणाले, "टेम्पो सांगतो, आत्ताच घेऊन जा. उद्या मी देवणीला लग्नाला, शेडला कुलूप. सोमवारी सकाळी भंगारवाला बाकीचं न्यायला येणार हाय."

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, आज शनिवार. शनिवारी लोखंड घरी आणत नाहीत. गावाकडं मुखेडला आमच्या घरी साधा खिळासुद्धा शनिवारी आणला नाही कधी.

दादा म्हणाला, "अरे, लोखंडातच जन्म गेला माझा. मला कसला आलाय शनिवार?"

"दादा, दोन दिवसांत काय बिघडतंय? चांगल्या कामाची सुरुवात आहे."

सोमवारी सकाळी येतो म्हणून मालकाला सांगितलं, पण शनिवारी व्यवहारही नको म्हणून मी इसारसुद्धा दिला नाही. मी, जो शाळेत विज्ञान शिकवतो. दादानं लेथवर खडूनं 'नांदेड' लिहिलं आणि माझ्यामागं एसटीत चढला. धाकट्याच्या घरात राहणारा माणूस किती भांडणार?

सोमवारी किरकोळ रजा टाकून पहाटेच टेम्पोनं निघालो. पोचायला साडेनऊ झाले. गल्लीच्या तोंडाशी घणाचा आवाज आला. मला काही कळलं नाही. दादाला कळलं. टेम्पोतच म्हणाला, "ओतीव लोखंड फोडायलेत."

मालक लग्नाहून पोचले नव्हते, किल्ली भंगारवाल्याकडंच दिलेली. भंगारवाल्याच्या माणसांनी लेथचे चार तुकडे केले होते. एका तुकड्यावर 'नां' दिसत होतं. मी त्यांच्यावर ओरडलो, नको ते बोललो. त्यांचा काय दोष? दादानंच माझा दंड धरून मला मागं ओढलं. मग वाकून लेथच्या चाकाची एक मूठ उचलली, तळहातात धरून पाहिली, आणि परत ढिगावर ठेवली.

परतीच्या वाटेवर त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसरा लेथ आणू म्हणून मी किती विनवण्या केल्या. "बघू," म्हणतो, आणि पायरीवर बसतो. आता हाक मारली तरी लवकर उठत नाही. त्याची मनगटं बारीक झालीत, घड्याळ कोपरापर्यंत सरकतं. डॉक्टर तर आता काही सांगतही नाहीत. मला भीती वाटते, आणि ती कुणाला सांगायला तोंड नाही मला.

गेल्या आठवड्यात शाळेला निघालो, तर दादानं तो व्हर्नियर माझ्या हातात दिला. तेल लावून, कापडात गुंडाळून.

"शाळेत ने. पोरांना माप घ्यायला शिकव," म्हणाला. "चांगला हाय. उजेड दिसत न्हाई फटीतून."

मी तो घेतला. नको म्हणायला हवं होतं, तेव्हा घेतला.